माळ्याचा पोट्टा : एसएसपी चौरसिया

हरळी :

परवा धंतोलीतल्या टपरीवर नागपूरच्या खेळाडूंची यादी चालली होती. बुद्धिबळात दिव्या देशमुख, बॅडमिंटनमध्ये मालविका बनसोड, क्रिकेटमध्ये आपला खापरखेड्याचा उमेश यादव. मग एक जण म्हणाला, "सगळं झालं, गोल्फ तेवढं राहिलं. पण तो आपला खेळच नाही, तो साहेब लोकांचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिलो. कारण मी माळ्याचा पोरगा आहे, आणि ज्या माणसाचं नाव तिथं घ्यायला हवं होतं तोही माळ्याचाच पोरगा.

एसएसपी चौरसिया. पूर्ण नाव शिवशंकर प्रसाद. जन्म १९७८, कोलकाता. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे आपल्या भाषेत हिरवळ राखणारे. हा क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेर याहून जुना गोल्फ क्लब जगात नाही. तिथं हा पोरगा दहाएक वर्षांचा असताना हातात काठी धरायला लागला. रीतसर शिकवणी नाही; मेंबर लोक कसे मारतात ते बघायचं आणि ते गेले की आपण मारायचं.

१९९७ ला व्यावसायिक झाला. १९९९ ला इंडियन ओपनमध्ये दुसरा आला, तेव्हा वय २१. वाटलं असेल, पुढच्या वर्षी आपलीच. ती 'पुढची' यायला सतरा वर्षं लागली. मधे २००६ ला पुन्हा दुसरा, २०१३ ला पुन्हा दुसरा, २०१५ ला पुन्हा दुसरा. २०१५ चा तर जिव्हारी लागणारा. शेवटच्या दिवशी भारताचाच अनिर्बान लाहिरी चौरसियाच्या सात फटके मागे होता (गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो). तिथून लाहिरीनं बरोबरी केली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, याला हरवलं. चार वेळा एकाच दारात येऊन परत फिरणं म्हणजे काय, हे ज्यानं एमपीएससी दिली त्याला सांगायला नको.

पण या मधल्या काळात तो रिकामा बसला नव्हता. फेब्रुवारी २००८ मध्ये युरोपियन टूरची, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेची, स्पर्धा पहिल्यांदा भारतात आली, दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स. एकूण बक्षीस २५ लाख डॉलर. बाहेरून मोठमोठी नावं आली होती, आणि जिंकला कोण, तर हा. आयर्लंडच्या डेमियन मॅकग्रेनपेक्षा दोन फटके पुढं. बक्षिसाचा सहावा हिस्सा विजेत्याला, म्हणजे चार लाख डॉलरच्या वर, तेव्हाच्या भावानं दीड कोटीहून जास्त. २०११ ला अवंथा मास्टर्स. आणि २०१६ ला अखेर ती इंडियन ओपन. त्यात लाहिरी दोन फटके मागे राहिला, हिशोब चुकता. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक, जिथं गोल्फ ११२ वर्षांनी परत आलं होतं. भारताकडून पुरुषांत लाहिरी आणि हा, दोघंच. पदक दूर राहिलं. २०१७ ला पुन्हा इंडियन ओपन, तीही सात फटक्यांनी, आणि अर्जुन पुरस्कार.

आता माझा मुद्दा. चौरसियाचं टोपणनाव 'चिप-पट-सिया'. ठेंगणा माणूस, लांब मारत नाही. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपास मात्र जादूगार. चिप म्हणजे ग्रीनबाहेरून अलगद उचलून टाकलेला छोटा फटका, पट म्हणजे ग्रीनवर घरंगळवत भोकात घालायचा. लोक म्हणतात, अंगात ताकद नाही म्हणून असा खेळ. मला वाटतं, गरिबाचा खेळ असाच घडतो.

मी पाहिलंय म्हणून सांगतो. माझे वडील नागपूरपासून फार लांब नसलेल्या एका मैदानावर होते (नाव घेत नाही, कारण पुढं कळेल). पहाटे साडेचारला निघायचे. उन्हाळ्यात मीही मागं. पहिलं काम दव झाडायचं. लांब लवचिक बांबू घेऊन ग्रीनवरून अर्धगोल फिरवत जायचं, पाणी उडून पडायचं, मागं एक गडद पट्टा उमटायचा. दव राहिलं तर बुरशी येते आणि कापणीच्या यंत्राला गवत चिकटतं. मग कापणी, मग भोकाची जागा बदलायची. हे सगळं होईपर्यंत साहेब लोक यायला तासभर असायचा. त्या तासात आम्ही पोट्टे काय करणार? लांब फटका मारला तर चेंडू हरवणार, आवाज होणार, कोणी बघणार. चेंडू आमच्याकडं एकच, तोही तळ्यातून पायानं चाचपडून काढलेला, वर कापल्याची चीर. काठी म्हणजे कोणाची तरी मोडलेली लोखंडी क्लब, दांड्याच्या जागी बांबू ठोकलेला. त्यामुळं ग्रीनच्या कडेला बसून दहा पावलांवरून चेंडू टाकत राहायचं. दोनशे वेळा, तीनशे वेळा. ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, पाच अंकी किमतीला मिळतो. पट फुकट आहे.

शिवाय आम्हाला गवत माहीत होतं. कुठं हरळी पूर्वेकडं झुकलीय, कुठं काल पाणी जास्त झालं, कुठं खालची काळी माती फुगलीय. मेंबर हे सगळं वाकून, एक डोळा मिटून ओळखायचा प्रयत्न करतात. माळ्याच्या पोराच्या ते तळपायाला कळतं.

आणि नाव का घेत नाही ते. चौदा वर्षांचा असताना एका साहेबाची बॅग उचलली होती. तो फोनवर बोलत बाजूला गेला, मी त्याचा वेज (छोटे फटके उचलून मारायची काठी) घेऊन एक चिप मारली. चेंडू भोकापासून हातभर थांबला. आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका. साहेबानं पाहिला, काही बोलला नाही. संध्याकाळी बाबांना सांगण्यात आलं, पोराला उद्यापासून आणू नका. मी आज बँकेत आहे, बरं चाललंय, तक्रार नाही. म्हणजे, थोडी आहे.

तर्रीपोहा :

भाऊ, लय भारी लिहिलं. पण मले एक सांगा, हातभर थांबला म्हन्ता ना, तर मंग तो पट कोनं मारला?

हरळी :

साहेबानं मारला. हुकवला.

तर्रीपोहा :

बाप्पा! आता समजलं काऊन हाकललं तुमाले.

मिहानवाला :

लेख आवडला, पण थोडं गार पाणी ओततो. चौरसियानं युरोपियन टूरवर चार जिंकल्या, चारही भारतात. २००८ आणि २०१६ तर एकाच दिल्ली गोल्फ क्लबवर. त्या मैदानावर दोन्ही बाजूंना झुडपं इतकी दाट की ड्रायव्हर काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. सरळ आणि छोटं मारणाऱ्याला ते मैदान आंदणच दिलेलं. बाहेर गेल्यावर काय झालं? जीव मिल्खासिंग २००६ ला चायना ओपन जिंकला, पुढं युरोपात जाऊन जिंकला. अर्जुन अटवाल २०१० ला अमेरिकेत पीजीए टूरवर जिंकला, असं करणारा पहिला भारतीय. चौरसिया घरचा शेर.

हरळी :

मुद्दा खरा, पण अर्धा. २०१७ ची इंडियन ओपन दिल्ली गोल्फ क्लबवर नव्हती. गुरुग्रामच्या डीएलएफच्या गॅरी प्लेयर कोर्सवर होती, आणि ते मैदान म्हणजे गोल्फरांची कत्तल. लांब, प्रचंड चढउतार, ग्रीनवर चेंडू थांबायला तयार नाही. दुसऱ्या क्रमांकाचा मलेशियाचा गॅव्हिन ग्रीन पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, फक्त तीन खाली होता. चौरसिया दहा खाली. ताकदवाल्यांसाठी बांधलेल्या मैदानावर ठेंगण्या माणसानं सात फटक्यांनी जिंकलं. आणि २०१६ ला मनिला मास्टर्स जिंकली, ती आशियाई टूरची, पण मनिला काही भारतात येत नाही.

तरी 'घरचा शेर' हे मी शिवी म्हणून घेणार नाही. उमेश यादवला जामठ्याच्या खेळपट्टीवर विकेट मिळाल्या तर आपण कौतुकच करतो.

निवृत्त_सुभेदार :

कामठी छावणीत माझी बरीच वर्षं गेली. गोल्फ साहेबांचा खेळ म्हणता ते खरं, पण कोणते साहेब ते बघा. आपल्याकडचे निम्मे नावाजलेले गोल्फर फौजेच्या घरातले आहेत. लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर (आणि पोराचा जन्म पुण्याचा, हे आपण मिरवायला हरकत नाही). शुभंकर शर्माचे वडील कर्नल. दीक्षा डागरचे वडील कर्नल. ती मुलगी ऐकू न येणारी, डावखुरी. ऑलिंपिकही खेळली आणि कर्णबधिरांच्या डेफलिंपिकमध्ये सुवर्णपदकही घेतलं. कारण सरळ आहे. छावणी असते तिथं मैदान असतं, बदली झाली की नव्या छावणीतही असतं, आणि फौजीच्या पोराला तिथं बाहेरच्यासारखा खर्च येत नाही. लाहिरी २०१५ ला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचव्या स्थानावर बरोबरीत आला. त्याची सुरुवात छावणीतल्या गवतावर झाली.

राहिले कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारे. दिल्लीचा अली शेर हा कॅडीचं काम करत वर आला, आणि १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला. १९९३ ला पुन्हा जिंकला. तेव्हा चौरसिया हा काही पहिला नाही, त्या वाटेवर आधी माणूस चालून गेलाय.

जुनी_वही :

सुभेदारसाहेब, एक छोटी दुरुस्ती. अली शेर हा पहिला भारतीय व्यावसायिक. १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी इंडियन ओपन जिंकली होती, हौशी खेळाडू म्हणून. स्पर्धा सुरू झाली १९६४ ला, म्हणजे दुसऱ्याच वर्षी. हौशी असल्यामुळं बक्षिसाची रक्कम त्यांना घेता येत नव्हती.

आणि त्यात तुमच्या धाग्याचं सगळं सार आहे बघा. सेठी पैसे न घेता खेळू शकत होते.

निवृत्त_सुभेदार :

बरोबर. दुरुस्ती मान्य.

संत्राबर्फी :

२०१३ बद्दल कोणी बोललं नाही. त्या वर्षी चौरसिया दुसरा आला, पण जिंकला कोण? बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान. तो ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबात चेंडू वेचायचा. म्हणजे माळ्याच्या पोराला एका फटक्यानं कोणी हरवलं, तर चेंडू वेचणाऱ्या पोरानं. नंतर रिओला तो बांगलादेशचा ध्वज घेऊन संचलनात पुढं होता. मी ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा घरच्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "बरं. भाजीत मीठ टाकलं का?"

सीए_बर्डीचा :

दीड कोटीचा आकडा वाचून कोणाच्या घरी पोरगं गोल्फला घालायचा विचार सुरू झाला असेल, म्हणून थोडा हिशोब. माझा एक क्लायंट हा खेळ खेळून पोट भरायचा प्रयत्न करत होता, तेव्हा जवळून पाहिलं.

क्रिकेटरला करार असतो, मॅच फी असते, बसला तरी मिळते. व्यावसायिक गोल्फर म्हणजे एकट्याचं दुकान. स्पर्धेची प्रवेश फी तो भरणार, रेल्वे किंवा विमान तो भरणार, हॉटेल त्याचं, कॅडीची रोजी त्याची. गुरुवार, शुक्रवार दोन फेऱ्या. त्यानंतर 'कट'. वरचे साठ-सत्तर पुढं जातात, बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधतात आणि हातात शून्य. एका फटक्यानं कट हुकला तरी शून्यच. जिंकलात तर कॅडीला दहा टक्क्यांपर्यंत देण्याचा रिवाज, मग कर. माझ्या क्लायंटच्या एका वर्षाच्या वहीत खर्चाची बाजू भरून पुढच्या पानावर गेली होती आणि जमेच्या बाजूला चार ओळी होत्या. त्याचा बाप शेतकरी, त्यानं वही पाहिली आणि म्हणाला, "हे तं कापसासारखंच हाय."

पोरगा आता गुणी कोच आहे. मोठ्या लोकांच्या मुलांना शिकवतो, महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात.

अंबाझरीकाठ :

मला चौरसियाबद्दल आदर आहे, पण या खेळाबद्दल नाही. २०१९ चा पावसाळा आठवा. जुलैत तोतलाडोह आटलं आणि नागपुरात नळ दिवसाआड आले. आमच्या इमारतीत टँकरवरून भांडणं झाली. अशा शहरात एवढ्या एकरांवर हिरवं गालिचं राखायचं, मूठभर लोकांनी चेंडू मारायला? शेचाळीस डिग्रीत? माळ्याचा पोरगा जिंकला म्हणून ते मैदान माळ्याचं होत नाही.

हरळी :

शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

पाण्याबद्दल एकच सांगतो. पूर्वी कोरड्या भागातल्या मैदानांवर ग्रीन नसायची, 'ब्राऊन' असायची. वाळूत तेल मिसळून, दाबून गुळगुळीत केलेला गोल. त्यावर पट मारायचा आणि मागच्यासाठी फळीनं वाळू सारखी करायची. पाणी लागत नाही. मी लहानपणी एक ब्राऊन पाहिली आहे, बूट तेलकट व्हायचे म्हणून साहेब लोक कुरकुरायचे. आता सांडपाणी शुद्ध करून वापरतात बऱ्याच ठिकाणी. पण तुमचा आक्षेप मी खोडत नाही. खोडता येत नाही.

रेशीमबागची_आई :

मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणून हा धागा शेवटपर्यंत वाचला. आमच्या घरी गोल्फ आलं ७ ऑगस्ट २०२१ ला. त्या संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकून सुवर्ण आणलं, म्हणून त्या दिवशीची सकाळ सगळे विसरले. सकाळी अदिती अशोक खेळत होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, आई कॅडी म्हणून बॅग घेऊन चालतेय, आणि पोरगी चार दिवस पदकाच्या जागेवर. घरात कोणालाच नियम माहीत नव्हते. नवऱ्यानं मोबाईलवर 'बर्डी' म्हणजे काय ते शोधलं. शेवटच्या होलवर तिचा लांबचा पट कडेनं गेला आणि एका फटक्यानं कांस्य हुकलं. चौथी. आम्ही चौघं सोफ्यावर तसेच बसून राहिलो, पोळ्या थंड.

आता हरळी यांना प्रश्न. अदितीही लांब मारत नाही. त्या स्पर्धेत अंतराच्या बाबतीत ती जवळपास सगळ्यांच्या मागं होती, आणि पटिंगमध्ये सगळ्यांच्या पुढं. पण ती काही माळ्याच्या घरातली नाही. बंगळूरच्या चांगल्या घरातली, पाचव्या वर्षापासून क्लबात शिकलेली. मग 'पट हा गरिबाचा खेळ' हे कसं?

हरळी :

ताई, माझ्या सिद्धांताला तुम्ही बरोब्बर भोक पाडलंत, तेही एका पटात.

विचार करतोय. त्या वर्षी टोकियोच्या आधी तिला कोविड झाला होता, त्यानं ताकद कमी झाली होती, हे एक. पण तेवढ्यानं भागत नाही, ती आधीपासूनच पटिंगवर जगणारी खेळाडू. तर माझं वाक्य असं बदलतो : ज्याच्याकडं लांब फटका नाही, मग तो पैशाअभावी नसो की अंगकाठीमुळं, त्याला ग्रीनवर जास्त वेळ घालवावा लागतो. चौरसियाचं कारण मला माहीत असल्यासारखं वाटलं, कारण ते माझंही होतं. माणूस दुसऱ्याची गोष्ट सांगताना आपलीच सांगतो, ते असं.

मुलीला हांगझोऊची गोष्टही सांगा. आशियाई खेळांत शेवटच्या दिवशी अदिती सात फटके पुढं होती. ७७ मारले आणि सुवर्ण थायलंडच्या मुलीला गेलं. तरी रौप्य आलं. गोल्फमध्ये भारतीय बाईला आशियाई खेळांतलं ते पहिलं पदक.

मिहानवाला :

सात फटके! लाहिरीनं चौरसियाचे भरून काढले ते सात, डीएलएफवर जिंकला ते सात, हे सात. या खेळात सात आकड्याला धरून एक पूजा घाला.

तर्रीपोहा :

सप्तशतीचा पाठ करा न बे.

मी काय म्हनतो हरळीभाऊ, रविवारी सकाळी जाऊन ये ना एखाद्या रेंजवर. मी बी येतो. काठी धराले शिकवजा. नंतर पोहे माझ्याकडून.

हरळी :

चौदाव्या वर्षानंतर काठी धरली नाही. येतो. सहा वाजता, ऊन चढायच्या आत.

जुनी_वही :

बाबांना कधी चौरसियाबद्दल सांगितलंत का?

हरळी :

२००८ ला दाखवला होता. सोमवारी रात्री, बातम्यांनंतर थोडी क्षणचित्रं दाखवली तेव्हा. बाबा खाटेवर बसून बघत होते. मी म्हटलं, याचे वडील तुमच्यासारखेच. ते माणसाकडं बघतच नव्हते. एक पट चालू होता, कुठला होल आठवत नाही. बाबा म्हणाले, "गवत उलटं हाय तिथं. जोरानं मार बाप्पा."

आता ८१ चे आहेत. काल रात्री हा अख्खा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांसकट. सीएसाहेबांच्या कापसावर हसले. अंबाझरीकाठ यांचं पाण्याचं ऐकून म्हणाले, "बाई खरं बोलून राहिली." चिपचा प्रसंग आला तेव्हा मी जरा भराभर वाचलं, त्यांनीही थांबवलं नाही. मग झोपायला उठले आणि दारातून परत आले.

"तू बांबू लिवलं. बांबू नव्हता तो, वेत होता. बांबूनं पात तुटते. दुरुस्त कर."

लेख संपादित करायची मुदत निघून गेली आहे, म्हणून इथं लिहितो : दव झाडायला वेत होता.